व्होल्ट कमी, म्हणून अक्कलही कमी?

उभे राहा. रविवारी साडीच्या दुकानात काम करून आलेले सगळे. आणि हसू नका. तो दुकानदार काल इथे येऊन गेला. 12 व्होल्टचा नवा वाकणारा ट्रॅक, नवे दिवे, आणि उजेड असा की गिऱ्हाईक साडीचा रंग बघायला दाराशी उन्हात जातं. यावर तुमचं उत्तर काय, तर "सर, माल चायनाचा आहे." नाचता येईना, अंगण वाकडं! तेच दिवे मी या टेबलावर जोडून पाहिले. लख्ख लागतात. खोट मालात नाही, तुमच्या कामात आहे.

बारा व्होल्ट म्हणजे खेळणं, हे तुम्हांला कोणी शिकवलं? मी तर नाही. वही काढा आणि हिशेब मांडा. 10 वॉटचे 12 दिवे, म्हणजे 120 वॉट. 230 व्होल्टवर एवढ्याला अर्धा अँपिअर पुरतो. 12 व्होल्टवर? निदान 10 अँपिअर! आणि तेवढा करंट न्यायला तुम्ही ओढलीत एक एमएमची वायर, काउंटरखालच्या ट्रान्सफॉर्मरपासून ट्रॅकपर्यंत 10 मीटर. जाऊन-येऊन 20 मीटर तांबं, रोध साधारण 0.39 ओहम. गुणा 10 ने. 3.9 व्होल्ट वाटेतच खलास, ट्रॅकच्या तोंडाशी उरले 8. वर 39 वॉट नुसते वायर तापवण्यात गेले. ओहमने हा नियम 1827 मध्ये छापला. तुम्ही तो परीक्षेत घडाघडा लिहिलात, मार्कही घेतलेत. मग कामावर जाताना घरी ठेवून जाता काय?

अडीच एमएम घेतली असती तर घट 1.6 व्होल्टवर आली असती, चार एमएमने एक व्होल्टवर. ट्रान्सफॉर्मर ट्रॅकजवळ, हात पोचेल अशा हवेशीर जागी बसवला असता तर वायरच चार पावलं लागली असती. आणि काम घेण्याआधी विचारलं असतंत तर मी 24 व्होल्टचा संच सांगितला असता. करंट निम्मा होतो आणि त्याच वायरीत टक्क्यांतली घट चौथाईवर येते. पण विचारायला कमीपणा वाटतो ना!

आता खरा गुन्हा ऐका. दुकानदाराकडे हॅलोजनच्या काळातला 300 वॉटचा, गुंडाळीचा ट्रान्सफॉर्मर पडून होता, तो तुम्ही लावलात. दुय्यम बाजूला फ्यूज कुठे आहे? "सर, बोर्डात 6 अँपिअरचा एमसीबी आहे." वा! दुय्यम बाजूला 25 अँपिअर वाहतात तेव्हा प्राथमिक बाजूला जातो 1.3 अँपिअर. ट्रॅकवर अर्धवट शॉर्ट होऊन 75 अँपिअर ओढले गेले, तरी तिकडे जेमतेम 4. तो एमसीबी पडणार कशाला? वायर लाल होईल, शेजारचे साड्यांचे गठ्ठे पेटतील आणि एमसीबी जागचा हलणार नाही. 12 व्होल्टचा शॉक लागत नाही, हे खरं. पण आग व्होल्टेज विचारून लागत नाही. सैल जोड आणि भरपूर करंट एवढं तिला पुरतं. आणि तुमचा जोड कसा, तर दोन तारांना पीळ आणि वर टेप! कनेक्टर आणि लग्ज काय शोभेला ठेवलेत?

ट्रॅक वाकतो म्हणून तो गुडघ्यावर धरून काटकोनात मोडायचा नसतो. कंपनीने कमीत कमी किती त्रिज्या ठेवायची ते कागदावर छापलेलं असतं. तो कागद तुम्ही खोक्याबरोबर फेकून दिलात. घट्ट वाकवलं की आतली दोन वाहकं आणि मधलं इन्सुलेशन जागा सोडतात, दिव्याची पकड सैल होते आणि तिथेच ठिणगी पडते. करवतीने कापलेलं टोक कानशीने घासलं होतं का? टोपी बसवली होती का? या ट्रॅकची वाहकं उघडी आहेत. उद्या कोणी लोखंडी हँगर अडकवला की दोन्ही वाहकं जोडली जातील. हाच ट्रॅक घरात हाताशी येईल इतका खाली लावलात, तर धूळ पुसणाऱ्या बाईच्या हातातली सोन्याची बांगडी दोन वाहकांना टेकून कातडी भाजेल. शॉक लागणार नाही, म्हणून भाजणार नाही असं नसतं.

उद्या सकाळी दुकान उघडायच्या आत तिथे हजर व्हा. वायर बदला, दुय्यम बाजूला योग्य फ्यूज घाला, मोडलेला तुकडा काढून नवा गोलाईत बसवा. सगळे दिवे लावून ट्रॅकच्या दोन्ही टोकांना व्होल्टेज मोजा आणि आकडे वहीत लिहून आणा. वायरीचा खर्च तुमच्या खिशातून. आकडे पाहिल्याशिवाय मी एकाच्याही कामावर सही करणार नाही.