वंगणाखालचा खिळा

झालेलें काम उसवून पुन्हा करणें हें नव्या कामाहून अवघड, असें शिंपी म्हणतात, गवंडी म्हणतात, आणि मोटारी दुरुस्त करणारेही म्हणतात. नव्या कामांत कारागिराची गांठ केवळ लोखंडाशीं असते. उसवतांना ती दुसऱ्या मनुष्याच्या मनाशीं पडते. आमच्या जुन्या जीपनें हें आम्हांस यंदा दाखवून दिलें.

गाडी विलीज घडणीची. दुसऱ्या महायुद्धांत सैन्यासाठीं निघालेली आणि पुढें मुंबईंत जोडली जाऊं लागलेली ही जात वाचकांस परिचित असेलच. डांबरी सडक संपली कीं हिचा खरा संसार सुरू होतो. नव्या मिस्त्र्यानें पुढचें डावें चाक काढावयास घेतलें, तों पांचांपैकीं दोन नट वेल्ड करून टाकलेले. या जुन्या गाड्यांत डाव्या चाकांच्या नटांस उलटे आटे असतात. चाकाच्या फिरण्यानें ते सैल पडूं नयेत हा हेतु. पूर्वीच्या मिस्त्र्यास तें ठाऊक नसावें. सैल करण्याच्या समजुतीनें त्यानें ते आवळले, आणि बोल्ट तुटले. हें अज्ञान होय. आणि लोकांच्या अज्ञानावर जन्मभर पोट भरणाऱ्या आमच्यासारख्या मास्तरानें त्यावर रागावणें शोभत नाहीं.

परंतु पुढें स्टीअरिंगच्या टाय रॉडचा सांधा आला. तेथें खांचांच्या नटांतून एक स्प्लिट पिन ओंवलेली असते. ती नसेल तर धक्क्यांनीं नट सैल होतो, सांधा सुटतो, आणि चालकाच्या हातीं नुसतें चक्र उरतें. त्या पिनेच्या जागीं सुताराचा एक खिळा होता. टोंक वळवलेला, आणि वर वंगणाचा जाड थर. खिळा घालणाऱ्यास तेथें पिन हवी हें पक्कें ठाऊक होतें. आणि वंगण? त्या ठिकाणीं त्याची गरज यंत्रास नव्हती, पाहणाऱ्याच्या डोळ्यांस होती.

येथवर न्याय सोपा होता. मग आम्हांस तीन वर्षांपूर्वीची ती सायंकाळ आठवली. दुसऱ्या दिवशीं लग्नास निघावयाचें होतें. एक लहानसा भाग उद्यांपर्यंत मिळणार नाहीं, असें तो मिस्त्री म्हणाला. आम्हीं घड्याळाकडे पाहून ‘तूर्त चालेल असें करून द्या’ म्हटलें, आणि वर मजुरींतून पन्नास रुपये कमी करून घेतले. ते ‘तूर्त’ तीन वर्षें चाललें.

संमति दिली तेथें दोषही तुमचाच, असें कोणी म्हणेल. तें आम्हांस सर्वस्वीं मान्य नाहीं. त्या लहानशा भागावर काय अवलंबून आहे हें त्यानें सांगितलें नाहीं, आणि न कळतां दिलेली संमति ही संमति नव्हे. पण कोणता भाग, हें आम्हीं तरी कोठें विचारलें? विचारलें असतें तर थांबावें लागलें असतें. मागच्या बाकांवर बसलेल्या मुलांस तर कोणींच कांहीं विचारलें नव्हतें.

नव्या मिस्त्र्यानें पहिल्याविषयीं एक शब्दही वावगा काढला नाहीं. खिळा पुसून त्यानें आमच्या हातीं दिला, आणि उजव्या बाजूचा सांधाही उघडून पाहावा लागेल, त्यास आणखी दोन दिवस लागतील, असें म्हणाला. घरीं मंडळी सामान बांधून बसली होती. आम्हीं गाडी तेथेंच ठेवली आणि एस्. टी.च्या थांब्याकडे निघालों.