विधवेचें दान आणि पेटीचे राखणदार

शास्त्रभाग : मार्क 12 : 38–44, 2 राजे 12 : 4–15

विधवेच्या दोन टोल्यांची गोष्ट आपल्यापैकीं कोणास ठाऊक नाहीं? शब्बाथ शाळेंतील लहान मूलही ती सांगूं शकेल. वर्गणीचा विषय निघाला कीं उपदेशकाच्या हातीं प्रथम हाच भाग येतो, आणि आम्हीही आजवर अनेकदां त्याच वाटेनें गेलों आहोंत. श्रीमंतांनीं उरल्यासुरल्यांतून दिलें, हिनें पोटचा घास काढून दिला, यास्तव मंडळीनें हात आखडूं नये, असा बोध करून आम्ही खालीं बसतों. बोध खरा आहे. परंतु या गोष्टीच्या मागचीं व पुढचीं वचनें आपण सहसा वाचीत नाहीं. मागें काय आहे? लांब झगे घालून बाजारांत नमस्कार घेणारे आणि विधवांचीं घरें गिळून टाकणारे शास्त्री यांजविषयीं प्रभूनें दिलेला इशारा. पुढें काय आहे? मंदिराच्या भव्य चिऱ्यांची एका शिष्यानें केलेली वाखाणणी, आणि त्यांपैकीं एकही चिरा जागेवर राहणार नाहीं, हें प्रभूचें उत्तर. म्हणजे त्या बाईचें नाणें ज्या भांडारांत पडलें, त्या भांडाराभोंवतीं कसलीं माणसें वावरत होतीं, हें प्रभूस पुरतें ठाऊक होतें. त्यानें देणारीची स्तुति केली. राखणाऱ्यांची केली नाहीं. आज आम्हांस देणाऱ्यांशीं थोडें आणि राखणाऱ्यांशीं अधिक बोलावयाचें आहे.

हा विचार मनांत घोळत असतां कॅनडा देशांतील एका लखोट्याची हकीकत आम्हांस आठवली. त्या देशाच्या मॅनिटोबा प्रांतांत विनिपेग नांवाचें शहर आहे. 1870 सालीं, जेव्हां तें एक लहानसें खेडें होतें, तेव्हां आयर्लंडांत जन्मलेला विल्यम अॅलोवे नांवाचा एक तरुण शिपाई म्हणून तेथें आला. पलटणीचें काम संपलें तरी तो तेथेंच राहिला, नाना धंदे केले आणि शेवटीं पेढीवाला होऊन श्रीमंत झाला. 1921 सालीं त्यानें एक लाख डॉलर काढून दिले व त्यांतून त्या शहराचा एक कायमचा निधि उभा राहिला. कॅनडांतील अशा तऱ्हेचा तो पहिलाच निधि होय. आपणांजवळ जें कांहीं आहे तें या गांवानेंच दिलें, तेव्हां त्यांतील कांहीं गांवास परत जावें, अशी त्याची भावना होती. एवढ्या मोठ्या रकमेनंतर दुसरें दान कोणाचें आलें असेल? 1924 सालीं निधीच्या कचेरींत एक लखोटा आला. आंत पांच पांच डॉलरांचीं तीन सोन्याचीं नाणीं होतीं. पाठविणारीचें नांव नव्हतें. ‘विधवेची टोली’ एवढ्याच अर्थाचे शब्द लखोट्यावर लिहिलेले होते.

पंधरा डॉलर. एक लाखाच्या शेजारीं ते कोठें दिसणार? परंतु निधीच्या व्यवस्थेकडे पाहिलें म्हणजे ते दिसतात, आणि आजही काम करीत आहेत. ही व्यवस्था कशी चालते तें थोडक्यांत सांगतों, कारण आपल्या खेडेगांवच्या मंडळ्यांस ती समजणें कठीण नाहीं. बियाण्याची कणगी ज्याच्या घरांत आहे त्यास ती समजलेलीच आहे.

एखाद्यानें एक हजार रुपये दिले. ते आजच वांटले तर आज संपले. परंतु मूळ रक्कम हातीं न लावतां ती भरंवशाच्या ठिकाणीं गुंतविली आणि शेंकडा पांच प्रमाणें उत्पन्न आलें, तर वर्षास पन्नास रुपये गरजूंस देतां येतील. वीस वर्षांत हजार रुपये वांटून होतील, आणि मूळचे हजार शिल्लकच. हें झालें सोपें गणित. खऱ्या व्यवहारांत धान्याचे भाव चढत जातात. आजच्या हजारांत जितकीं पोतीं येतात तितकीं वीस वर्षांनीं येणार नाहींत. म्हणून शहाणे विश्वस्त सगळें उत्पन्न खर्चीत नाहींत. कांहीं भाग पुन्हां मुळांत घालतात, जेणेंकरून नातवंडांच्या काळींही त्या रकमेंत तितकाच जीव राहावा. जो शेतकरी चांगल्या सालीं बियाणें वाढवून ठेवीत नाहीं तो वाईट सालीं सावकाराच्या दारीं उभा राहतो.

अशा निधीची आणखी एक खूण आहे. तो स्वतः दवाखाना किंवा वसतिगृह चालवीत नाहीं. शहरांत जीं धर्मादायाचीं कामें आधींच चाललेलीं असतात, कोणी घरोघर जाऊन आजाऱ्यांची शुश्रूषा करितो, कोणी निराधार मुलें सांभाळितो, कोणी म्हाताऱ्यांस जेवूं घालितो, त्यांस तो दरसाल मदत देतो. देणारे शेंकडों, कामें शेंकडों, आणि मध्यें एकच पेटी. अशा निधीस आपण नगरनिधि म्हणूं.

ही कल्पना प्रथम अमेरिकेंतील क्लीव्हलंड शहरीं 1914 सालीं निघाली. तिचा जनक फ्रेडरिक गॉफ हा एका मोठ्या पेढीचा अध्यक्ष व मूळचा वकील. मृत्युपत्रांचें काम त्याच्या हातांखालून जात असे, आणि त्यांत त्यास एक मोठें दुःख दिसलें. माणूस मरतांना सद्भावनेनें पैसा ठेवितो, पण त्याबरोबर अशी अट घालतो कीं पन्नास वर्षांनीं ती अटच दानाचा गळा दाबते. इंग्रज लोक यास ‘मेलेल्याचा हात’ म्हणतात. सेंट लुईस शहराचें उदाहरण प्रसिद्ध आहे. तेथील एके काळचे नगराध्यक्ष ब्रायन मुलनफी हे 1851 सालीं वारले. आपल्या मालमत्तेचा तिसरा हिस्सा त्यांनीं पश्चिमेकडे वस्ती करण्यास निघालेल्या गरीब प्रवाशांच्या मदतीसाठीं ठेविला होता. त्या काळीं गाड्यांचे तांडेच्या तांडे त्या शहरावरून जात, आणि वाटेंत आजारी व कंगाल झालेल्यांचे हाल कुत्रा खाईना. दान अगदीं योग्य होतें. पुढें आगगाडी झाली, तांडे थांबले, पश्चिमेंत वस्ती भरली. पैसा मात्र वाढत राहिला, आणि घेणारा प्रवासी सांपडेना !

आम्ही हंसूं नये. जुन्या गाडीवाटेवर बांधलेली धर्मशाळा, जिच्यापासून सडक दोन मैल दूर गेली आहे, ती आपण सर्वांनीं पाहिली आहे. दारावर दात्याचें नांव कोरलेलें, आंत वटवाघळें. बैलांसाठीं बांधलेला दगडी हौद कोरडा पडलेला, आणि शेजारच्या वाडींत बाया उन्हाळ्यांत पाण्यासाठीं कोस कोस चालतात.

गॉफ यानें यावर जो उपाय काढिला तो आम्हांस फार विचार करण्यासारखा वाटतो. पैसा राखणें व गुंतविणें हें काम पेढीनें करावें. उत्पन्न कोणास द्यावें हें मात्र पेढीनें ठरवूं नये. त्यासाठीं पांच जणांची निराळी समिति. तिचे सभासदही एकाच हातानें नेमावयाचे नाहींत : कांहीं पेढीनें, एक नगराध्यक्षानें आणि बाकीचे न्यायाधीशांनीं नेमावे. दात्याची इच्छा समितीनें मानावी. परंतु काळ बदलून ती इच्छा निरर्थक किंवा अशक्य झाली, तर उत्पन्न त्या काळच्या गरजेकडे वळविण्याचा अधिकार समितीस असावा. म्हणजे मेलेल्याची दया राहावी आणि त्याचा हात मात्र सुटावा. पुढच्याच वर्षीं, 1915 सालीं, शिकागो शहरानें ही रीति उचलली, आणि सहा वर्षांनीं विनिपेगनें. आपल्या मुंबईंतही 1991 सालीं याच धर्तीचा एक न्यास स्थापन झाला.

पैसा एकानें राखावा व दुसऱ्यानें वांटावा, ही युक्ति आपणांस नवी वाटावयास नको. योवाश राजाच्या काळीं मंदिराच्या डागडुजीसाठीं लोक पैसा देत व याजक तो घेत. राजाच्या कारकीर्दीचें तेविसावें वर्ष उजाडलें तरी भिंती मोडक्याच ! शास्त्र त्या याजकांस चोर म्हणत नाहीं. पैसा आला आणि कोठें मुरला, एवढेंच झालें. आपल्याकडेही बहुतेक ठिकाणीं एवढेंच होतें. मग यहोयादा याजकानें एक पेटी घेतली, तिच्या झांकणास भोंक पाडलें आणि ती वेदीजवळ सर्वांच्या डोळ्यांसमोर ठेविली. पेटी भरली म्हणजे राजाचा लेखक व मुख्य याजक असे दोघे येऊन मोजीत, थैल्या बांधीत आणि कामावरील सुतारगवंड्यांस देत. एकट्यानें मोजावयाचें नाहीं. पौलानें यरुशलेमच्या गरिबांसाठीं वर्गणी जमविली तेव्हां त्यानेंही हेंच केलें. मंडळ्यांनीं निवडलेला माणूस सोबत घेतला, कारण एवढ्या रकमेविषयीं कोणी बोट दाखवूं नये अशी त्यास काळजी होती. पौलासारख्या प्रेषितास जी काळजी वाटली ती आपल्या खजिनदारास वाटूं नये काय?

आतां एक आक्षेप घेतला जातो, आणि तो हलका नाहीं. पैसा सांठवून ठेवणें ही देवावरील अविश्वासाची खूण नव्हे काय? रानांत मान्ना उद्यांसाठीं ठेविला तर त्यांत किडे पडले. आजचें मूल उपाशी असतां उद्यांच्या मुलासाठीं पेटीला कुलूप कां लावावें? अमेरिकेंतील ज्यूलियस रोझेनवाल्ड या यहूदी व्यापाऱ्यानें हाच पक्ष घेतला. दक्षिणेकडील काळ्या लोकांच्या मुलांसाठीं सुमारें पांच हजार शाळा बांधण्यास त्यानें साह्य केलें, आणि प्रत्येक शाळेसाठीं तेथील लोकांनींही आपला वांटा उचलावा असा त्याचा आग्रह असे. कायमच्या निधींस त्याचा स्पष्ट विरोध होता. आपल्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांच्या आंत आपला निधि खर्चून संपवावा असें त्यानें ठरवून ठेविलें. 1932 सालीं तो वारला आणि 1948 सालीं निधि संपलाही. त्या शाळांत शिकलेल्यांस विचारलें असतें तर त्यांनीं रोझेनवाल्ड चुकला असें खचित म्हटलें नसतें.

आमचें मत विचाराल तर दोन्ही दानांस जागा आहे. दुष्काळ दाराशीं उभा असतां बियाण्याच्या कणगीवर बसून राहणारा निर्दय होय. परंतु ज्या देवानें मान्ना सांठवूं दिला नाहीं त्याच देवानें योसेफाकडून मिसरांत सात वर्षें धान्य सांठवविलें. फरक कशांत होता? मान्ना ज्यानें त्यानें आपल्या घरापुरता ठेविला. योसेफाचीं कोठारें सर्वांसाठीं होतीं, आणि दुष्काळ पडतांच तीं उघडलीं गेलीं. लूकाच्या शुभवर्तमानांतील त्या मूर्ख धनवानानेंही कोठारें बांधलींच होतीं, पण त्यांत दुसऱ्या कोणाचें नांव नव्हतें. तेव्हां निधि कायमचा कीं तात्पुरता हा दुय्यम प्रश्न आहे. कोठाराची किल्ली कोणाकडे, आणि तें कोणासाठीं उघडतें, हा पहिला.

आणि येथें आपल्या मंडळ्यांविषयीं लिहिणें आम्हांस भाग आहे, जरी तें लिहितांना संकोच वाटतो. कोणा म्हातारीनें मरतांना गळ्यांतली पोत मंडळीस दिली, कोणी एकर अर्धा एकर जमीन लिहून दिली, हंगामाच्या सणास धान्याचा लिलांव होऊन चार पैसे जमले. तीन पंच बदलले कीं ती पोत कोठें गेली हें सांगणारा उरत नाहीं. कोणी खाल्ली असें नव्हे. वहीच ठेविली नव्हती. दुसऱ्या बाजूस असेही दाते आहेत कीं ज्यांस घंटेवर, बांकावर, भिंतीवर आपलें नांव पाहिजे, आणि अमक्याच कामास पैसा लागला पाहिजे, मग त्या कामाची गरज असो वा नसो. विनिपेगच्या त्या बाईनें नांव सोडलें आणि अटही सोडली. अशा दानास फार मोठा भरंवसा लागतो. कोणावरचा? जे अद्याप जन्मलेही नाहींत अशा राखणदारांवरचा. तिचा भरंवसा वायां गेला नाहीं. अॅलोवे यांनीं व त्यांच्या पत्नीनें आपल्या पश्चात् मोठी मालमत्ता त्याच निधीस ठेविली. 2001 सालीं एका कुटुंबानें त्यांत दहा कोटी डॉलर घातले. आणि आज तो निधि शंभर कोटी डॉलरांच्या वर गेला आहे. पंधरा डॉलर त्यांतच आहेत. मूळ रक्कम हातीं लावावयाची नाहीं हा नियम जसा लाखाला तसाच त्यांनाही.

खेडेगांवच्या मंडळीस नगरनिधि काढावयास कोणी सांगत नाहीं. परंतु पांच सहा गांवच्या मंडळ्या मिळून एक लहान निधि ठेवूं शकतात, ज्याच्या व्याजांतून दरसाल एका मुलीची शाळेची फी किंवा एका निराधार म्हाताऱ्याचें औषध निघेल. आपल्या राज्यांत सार्वजनिक न्यासाची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे करावी लागते व हिशेब तपासून घ्यावे लागतात. कित्येकांस हा जाच वाटतो. आम्हांस ती योवाशाच्या पेटीजवळ उभी असलेली दुसऱ्या माणसाची जोडी वाटते. निरनिराळ्या गांवांनीं आपापला एकेक पंच निवडावा, त्यांत एखादी बाई अवश्य असावी, आणि पासबुक ज्याच्याजवळ त्याच्याजवळ वांटणीचा अधिकार नसावा.

त्याआधीं एक लहान काम आहे. हा लेख मंडळींत वाचून झाल्यावर पाळकांनीं व पंचांनीं मागील हंगामाच्या सणाची वही काढावी, आणि उपासना संपण्यापूर्वीं जमा किती, खर्च किती व शिल्लक कोठें, हें सर्वांस ऐकूं जाईल अशा आवाजानें वाचून दाखवावें. वही नसेल तर तेंही सांगावें.