धर्मविद्येचे अध्यासन

इंग्लंडच्या सातव्या हेन्री राजाची माता लेडी मार्गारेट हिने 1502 साली ऑक्सफर्ड व केंब्रिज येथे ईश्वरविद्येची जी अध्यासने स्थापन केली, त्यांवर बसणारा पुरुष विद्वान असावा ही अपेक्षा होतीच; परंतु त्याहून अगोदर तो श्रद्धावान आणि धर्मसंस्थेच्या शिस्तीतला असावा, हे इतके गृहीत होते की, 1871 च्या कायद्याने तेथील विद्यापीठांतील पंथनिष्ठेची अट रद्द केली तेव्हाही ईश्वरविद्येची पदे त्या सवलतीतून वगळण्यात आली. जो मानतो त्यानेच शिकवावे, असा तो दंडक होता.

आपल्या मुलखात हीच कल्पना निजामी अमदानीत निराळ्या वेषाने आली. 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात धर्मविद्येची स्वतंत्र शाखा होती. मुसलमान विद्यार्थ्यांस दीनियात म्हणजे इस्लामी धर्मशिक्षण आणि इतरांस नीतिशास्त्र सक्तीचे होते. 1923 साली औरंगाबादेस निघालेले इंटरमीजिएट कॉलेज याच विद्यापीठाचे, आणि मौलवी अब्दुल हक यांच्यासारखा थोर भाषासेवक त्याचा प्राचार्य. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचे त्या विद्यापीठाचे धाडस मी मनापासून वंदनीय मानतो. तथापि शेजाऱ्याचा धर्म समजून घेण्याची सोय या विभागणीत उरली नाही, ही तिची उणीव मोठी होती.

पुढे संविधानाच्या 28 व्या अनुच्छेदाने सर्वस्वी सरकारी खजिन्यावर चालणाऱ्या संस्थांत धर्मोपदेशास मनाई केली. त्यामुळे धर्माचा अभ्यासच हद्दपार झाला असे कित्येकांस वाटले. परंतु गुरू नानकांच्या शिकवणुकीचा विद्यापीठीय अभ्यास म्हणजे धर्मोपदेश नव्हे, असा निर्वाळा 1971 साली सर्वोच्च न्यायालयाने दिला. न्यायालयाने जे तत्त्व शब्दांत मांडले, ते 1958 साली स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाच्या मराठी विभागात तत्पूर्वीच आचरणात येत होते. तेथे डॉ. यू. म. पठाण महानुभाव पंथाचे वाङ्मय शिकवीत. या पंथाच्या पोथ्या सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिलेल्या. एका अक्षराच्या जागी दुसरेच अक्षर, म्हणून किल्ली हाती नसलेल्या वाचकास ओळ दिसते पण लागत नाही. इतिहासाचार्य राजवाड्यांनी ही किल्ली शोधून अभ्यासकांची वाट मोकळी केली. पंथाने परक्यापासून जपलेले हे धन एका मुसलमान प्राध्यापकाने जन्मभर आदराने अभ्यासावे, विद्यार्थ्यांपुढे उलगडावे, आणि 1990 साली पुण्याच्या साहित्य संमेलनाने त्यांस अध्यक्षपद द्यावे, यात धर्मविद्येच्या अध्यासनाची चार शतकांहून जुनी अट गळून पडली, असे माझे स्पष्ट मत आहे. श्रद्धेची जागा येथे उदासीनतेने घेतली नाही, हे विशेष. ती घेतली आस्थेने, आणि पोथीशी इमान राखणाऱ्या परिश्रमाने.

हीच कसोटी आता संतवाङ्मयाच्या अध्ययनासाठी काढलेल्या पैठणच्या संतपीठासही लागते. त्याची घोषणा 1981 साली झाली आणि ते प्रत्यक्षात सुरू व्हावयास 2021 चा सप्टेंबर उजाडला. ज्ञानेश्वरी, एकनाथी भागवत, तुकोबांची गाथा यांचे अध्ययन तेथे याच मराठवाडा विद्यापीठाच्या छत्राखाली होत आहे, ही आनंदाची गोष्ट होय. या पीठावर ज्या नेमणुका होतील त्या करताना विद्यापीठाने उमेदवाराचे कूळ, संप्रदाय वा धर्म विचारू नये. पोथी समोर ठेवावी, आणि ती वाचून तिचा अर्थ सांगावयास लावावा.