संदर्भ म्हणजे गुंफण

श्रोते सज्जनहो, कीर्तनात आपण प्रमाण देतो आणि टाळकरी ते उचलून धरतात. पण प्रमाण म्हटले म्हणजे संदर्भ लागलाच, असे नव्हे. ‘संदर्भ’ शब्दात ‘दृभ्’ धातू आहे. त्याचा अर्थ गुंफणे. ‘सम्’ म्हणजे नीट, एकत्र. दोरा तुटला की फुले राहतात, माळ राहत नाही. अभंगाचा एकच चरण उचलून मनाला येईल तो अर्थ लावणारा फूल दाखवतो आणि माळ मोडतो.

बरे, ही गुंफण करावी कशी? त्याचा दाखला आमच्या अलिबागेतच आहे. मुंबईच्या कुलाब्याला, म्हणजे आपला किल्ला नव्हे हो, पृथ्वीचे चुंबकत्व १८४१ पासून मोजत असत. पुढे मुंबईत विजेची ट्राम यायची ठरली. ती १९०७ मध्ये धावू लागली. विजेच्या प्रवाहाने मोजणी बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा उभी राहिली. पण जाणत्यांनी काय केले पाहा! कुलाब्याचे काम लगेच थांबवले नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे वेध चालू ठेवले. एकाच वेळची दोन मापे ताडली, दोन जागांतला फरक कळला, आणि जुन्या नोंदी नव्या नोंदींना जोडता आल्या. जुने बंद करून मग नवे सुरू केले असते, तर दोन सुट्या वह्या उरल्या असत्या. आजही अलिबागेत ते काम चालू आहे.

परमार्थात तेच. माउलींनी शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली, ती गीतेचे बोट धरून. पुढे पाठ बिघडले, तेव्हा नाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये ग्रंथ शुद्ध केला. प्रती हाती होत्या, म्हणून ताडून पाहता आल्या.

आता माझे एक मागणे. तुमच्या दिंडीत कोणी वृद्ध विणेकरी असेल. कोणता अभंग कोणत्या चालीवर, कोणत्या अभंगामागून म्हणावा, हे त्याला ठाऊक. अक्षरे गाथ्यात मिळतील, चाल त्याच्या कंठात आहे. तो गेल्यावर त्याच्या जागी मुलगा शोधू नका. तो आहे तोवरच मुलाला त्याच्या शेजारी उभा करा. एकदोन वाऱ्या दोघांना बरोबर म्हणू द्या. मुलाचे कोठे वेगळे पडते ते तेव्हाच कळेल, आणि तेव्हाच सांगता येईल. बाबांनो, दोन्ही टोके हातात आहेत तोवरच गाठ बसते.

॥ रामकृष्णहरि ॥