जी ‘नको’ म्हणू शकत नाही

रेबीजची लस द्यायला मनीला नशिराबादहून जळगावला नेलं होतं. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावला आणि जरा जास्तच वेळ ऐकत राहिले. “मर्मर आहे,” ते म्हणाले. म्हणजे ठोक्यांच्या मधे येणारा रक्तप्रवाहाचा जादा आवाज. “कदाचित काहीच नसेल, घाबरलेल्या मांजरातही येतो. खात्री हवी तर इको करावा लागेल.” मांजराच्या हृदयाचा इको करणारं ठिकाण मला सापडलं ते पुण्यात. सुमारे 400 किलोमीटर.

आजी हसली. “मांजरीची छाती तपासाले पुणं? अरे भाऊ, गावात म्हशीले डॉक्टर येता येता सांज होते.”

हसताना तिला दम लागला. जिना चढतानाही लागतो. तिलाही टू-डी इको सांगून चार महिने झालेत. तो तर जळगावातच होतो, पण ती जात नाही. “माझं झालं आता. मले नको ते.”

आधी मला वाटलं, प्रश्न पैशाचा आहे. मांजरावर इतका खर्च करावा का? पण तो प्रश्न फार वेळ टिकला नाही, कारण तेवढे पैसे मी फोनवर सहज उडवतो. अडलं ते दुसरीकडे. आजीने ‘नको’ म्हटलं आणि आम्ही ऐकलं. मनीला कोण विचारणार? पिशवीत कोंबताना ती ओरडते, त्याला ‘नको’ समजायचं का? समजलं तर तिला कधीच कुठलं औषध देता येणार नाही. नाही समजलं तर तिच्या भल्याच्या नावाखाली मी तिच्याशी काहीही करायला मोकळा.

मग नेहमीसारखं वाचत बसलो. मांजरांमध्ये हृदयाचा सगळ्यात जास्त आढळणारा आजार म्हणजे हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी. यात हृदयाची भिंत जाड होत जाते. गंमत म्हणजे हा आजार माणसालाही होतो आणि कधीकधी त्याच जीनमुळे. मेन कून जातीच्या मांजरांत ‘एमवायबीपीसी3’ या जीनमधला बिघाड 2005 साली सापडला. त्याच जीनमधला एक वेगळा बिघाड भारतीय उपखंडातल्या सुमारे 4 टक्के लोकांत असल्याचं 2009 साली हैदराबादच्या सीसीएमबीतल्या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. आजी आणि मनी, दोघींच्या छातीत यंत्र जवळपास एकच.

आमच्या कामात एक साधा नियम आहे. अलर्ट वाजल्यावर करण्यासारखं काहीच नसेल तर तो अलर्ट काढून टाकायचा, त्याने फक्त झोप उडते. तपासणीलाही हेच लावलं. उत्तर काहीही आलं तरी मी तेच करणार असेन, तर तो प्रवास मनीसाठी नाही, माझ्या धास्तीसाठी आहे. 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंध कायदा पाळणाऱ्यावर दोन जबाबदाऱ्या टाकतो: जनावराच्या भल्यासाठी वाजवी ती काळजी घेणं आणि त्याला विनाकारण त्रास होऊ न देणं. ‘विनाकारण’ हा शब्द महत्त्वाचा. जी नकार देऊ शकत नाही, तिला त्रास देण्याआधी कारण दाखवायची जबाबदारी माझी.

कारण होतं. पुढच्या महिन्यात तिची नसबंदी करायची होती, आणि हृदय बिघडलेलं असेल तर भूल वेगळ्या पद्धतीने द्यावी लागते. डावा कप्पा फुगलेला असेल तर रक्ताची गाठ होऊ नये म्हणून क्लोपिडोग्रेल देतात. हेच औषध आजोबांच्या गोळ्यांच्या डबीत होतं. म्हणजे उत्तराने पुढचं बदलणार होतं. गाडी केली. मनी पहिला तासभर ओरडली, मग गप्प झाली. ते गप्प होणं ओरडण्यापेक्षा वाईट होतं.

भिंत 5.6 मिमी निघाली. 6 च्या पुढे आजार धरतात. म्हणजे ना इकडे ना तिकडे. औषध नाही, शस्त्रक्रियेत भूल जपून द्यायची, सहा महिन्यांनी पुन्हा बघायचं आणि ती झोपली की मिनिटाला श्वास किती ते मोजायचं. सतत 30 च्या वर गेले तर दाखवायचं. पुढच्या वेळी न्यायचं की नाही, हा प्रश्न मला पुन्हा पहिल्यापासून सोडवावा लागेल.

एका रात्री मोजताना आजी शेजारी बसली होती. मनात आलं, मांजराच्या ‘हो’साठी मी इतकी कारणं शोधली, आजीचं ‘नको’ मात्र एका वाक्यात मान्य केलं. ते मान देणं होतं, की सोय? तिला विचारलं, “नको म्हणजे काय नको?”

बराच वेळ गप्प राहून म्हणाली, “तपासलं अन् काही निघालं, तर मले मंग घरी राहू देतीन का?”

चार महिन्यांत हे कुणी विचारलंच नव्हतं. तिला इको नको नव्हता, त्यानंतर जे आपोआप सुरू होतं ते नको होतं. मी म्हटलं, तपासू फक्त, पुढचं तू ठरवायचं. ती अजून हो म्हणालेली नाही. मी घाई करत नाहीये, पण आता तिचं ‘नको’ ऐकून उठूनही जात नाही.