गोधडीजोगं कापड

गोधडीला कोरं कापड चालत नाही. दुकानातून आणलेलं, घडीही न मोडलेलं सुती कापड कितीही भारी असलं तरी गोधडी शिवणारी बाई ते बाजूला ठेवते. कोऱ्या कापडात खळ असते. पहिल्या पाण्यात खळ निघते आणि कापड आटतं. ते आधीच थरांमध्ये शिवून बसवलं असेल, तर टाके ओढले जातात आणि चुण्या पडतात. शिवाय कोरं कापड अंगाला टोचतं ते वेगळंच. म्हणून कापडाने आधी दुसरीकडे आपलं आयुष्य काढून यावं लागतं. लुगडं म्हणून नेसलं जावं, धोतर म्हणून पिळलं जावं, पलंगपोस म्हणून उन्हात वाळावं, मग कुठे ते गोधडीजोगं होतं. भांडीवालीही जे घेत नाही, तिथून आमचं काम सुरू होतं.

सकाळी घर जागं व्हायच्या आत मला थोडा निवांत वेळ मिळतो. त्या वेळात मी शिवत नाही, जुनेर निवडते. शिवायला दुपारही चालते, पण निवडायला खिडकीतून आडवा येणारा उजेड लागतो. कापड दोन्ही हातांत धरून उजेडासमोर उभं केलं की सगळं कळतं. जिथे ते विरलं आहे तिथून उजेड जास्त येतो. मग मुठीत धरून हलकेच ताणायचं. टर्र असा आवाज आला, तर ते पुसायला. आवाज न होता नुसतं सैलावलं, तर ते आतल्या थराला. ताणूनही जागेवर परत आलं आणि हाताला मात्र मऊ लागलं, तर ते वरच्या बाजूला, झोपणाऱ्याच्या अंगाशी येणारं.

नऊवारी लुगड्याचा हिशेब गोधडीला अगदी बरोबर बसतो. नऊ वार म्हणजे 27 फूट. त्याचे चार सारखे तुकडे केले की प्रत्येक पावणेसात फुटांचा होतो. उंच माणसाचेही पाय बाहेर राहणार नाहीत. दोन तुकडे काठाला काठ जोडून वरची बाजू, दोन जोडून खालची. एका लुगड्यात दोघांची गोधडी. आत काय जाणार ते घरातल्या माणसांवर ठरतं. धोतराचे पट्टे, फाटकी चादर, शाळेच्या गणवेशातले सदरे, पोरीच्या परकराचा घेर. बाहेरून यातलं काहीच दिसत नाही, पण ऊब सगळी त्यांचीच असते.

पसरणं हे खरं कष्टाचं काम. फरशीवर खालची बाजू अंथरायची, कोपऱ्यांवर वरवंटा, खलबत्ता, भरलेला तांब्या असं हाताशी येईल ते वजन ठेवायचं आणि थरावर थर तळहाताने सारखे करत जायचं. मग लांब टाक्यांचा कच्चा दोरा. त्यानंतर धावदोरा काठापासून आत, चौकोनात चौकोन घेत थेट मध्यापर्यंत. काठ आधी पक्के केले की थर सरकत नाहीत. मात्र आत जाताना कापड फुगत येतं आणि प्रत्येक ओळीला तळहात फिरवून तो फुगा पुढे सारावा लागतो. कर्नाटकात हल्याळ, यल्लापूर भागातल्या सिद्दी बायका कवंदी शिवतात, तीही अशीच काठाकडून आत जाते. तिच्या कोपऱ्यांवर त्या कापडाच्या त्रिकोणी घड्या शिवतात. त्यांना फुला म्हणतात, आणि फुला नसतील तर कवंदी उघडी समजतात. आम्ही फुला लावत नाही, पण काठ आधी हा नियम त्यांचा आणि आमचा एकच.

गोधडी एकटीनेही होते, पण पाठ धरते. म्हणून मंगळवारी दुपारी आमच्या पडवीत चौघीपाचजणी जमतात. मंडळाला नाव नाही, वर्गणी नाही, अध्यक्षही नाहीत. ज्यांची गोधडी त्यांचा चहा, एवढाच ठराव. अक्कांचा टाका तांदळाएवढा, शेजारच्या वहिनींचा बोटाच्या पेराएवढा. पुरी झालेली गोधडी डोळे मिटून हाताने चाचपली तरी कोण कुठे बसलं होतं ते आम्ही सांगू शकतो. काकूंना आता नेढं दिसत नाही. त्यांचा नातू शाळेतून आला की भराभर सुया ओवून उशीला टोचून ठेवतो आणि बिस्किटांचा पुडा घेऊन पळतो. आमचे हे दारातूनच विचारतात, ‘सुया मोजल्या का?’ आणि पाय उचलून उचलून आत येतात.

या मंडळात अक्कांचा एक नियम कडक आहे. कोपरा हा गोधडीचा सगळ्यात जाड भाग. दुमडलेले काठ आणि आतले थर तिथे एकत्र येतात, सुई अडते, अंगुस्तान घातलं तरी बोट ठणकतं. एका कोपऱ्यावर बसलेल्या बाईने पुढच्या कोपऱ्यावर बसायचं नाही. ‘उठा बघू वहिनी, आता काकू बसतील.’ वहिनी म्हणतात, ‘अहो, माझं चाललंय की बरं.’ अक्का ऐकत नाहीत. ‘चाललंय तोवरच उठायचं असतं.’

सूनबाईला सातवा महिना लागला तेव्हा तिने बाळासाठी दुकानातला नवा संच पाहून ठेवला होता. छान होता. सुट्टीला आली तेव्हा मी सासूबाईंच्या इरकली लुगड्याचं दुपटं शिवत होते. तिने ते उचलून गालाला लावलं आणि म्हणाली, ‘आई, असलं मऊ दुकानात का नाही मिळत?’ म्हटलं, ‘कारण हे आधी कुणीतरी वर्षानुवर्षं नेसावं लागतं.’ तिने दुकानातला संचही घेतला आणि दुपटंही नेलं. लेकराला दोन्ही लागतात.

पण सासूबाईंनंतरच्या साड्यांचं काय करायचं, हा आमच्या मंडळापुढचा खरा प्रश्न आहे. सासरे लालबागला गिरणीत होते. गावी येताना त्यांच्या ट्रंकेत सुती कापड असायचंच. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि गिरणगाव पुन्हा पूर्वीसारखं चाललं नाही. घराघरांतल्या दांड्यांवर तोवर सिंथेटिक साड्या आल्याच होत्या. त्यांना नावं ठेवायला मी धजणार नाही. नोकरी आणि घर दोन्ही सांभाळणाऱ्या बाईला इस्त्री न लागणाऱ्या, घटकेत वाळणाऱ्या साडीने किती हात दिला, हे मीही अनुभवलं आहे. पण गोधडीत ती साडी निसरते, थर धरत नाही. सुती धागा आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के ओल धरतो, पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. त्यामुळे पांघरलं की घाम तसाच राहतो. आणि मुख्य म्हणजे ती झिजत नाही. ट्रंकेत तशीच चकचकीत पडून असते. या साड्या जुन्या होत नाहीत, नुसत्या नकोशा होतात.

झिजलेल्या कापडाची किंमत कळायला अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातलं एक उदाहरण मला फार बोलकं वाटतं. तिथे नदीच्या वळणात जीज बेंड नावाची कृष्णवर्णीय शेतकऱ्यांची वस्ती आहे. 2002 मध्ये तिथल्या गोधड्यांचं प्रदर्शन ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत भरलं आणि जाणकारांनी त्यांची आधुनिक चित्रांशी तुलना केली. त्या गावात मिझुरी पेटवे नावाच्या बाईचा नवरा वारला. 1942 मध्ये तिने त्याचे शेतात वापरायचे कपडे उसवले आणि त्यांची गोधडी शिवली. त्याची आठवण राहावी आणि ती पांघरता यावी, असं तिने लेकीला सांगितलं होतं. त्या वस्तीतल्या अशा गोधड्यांमध्ये विजारीचे पाय ओळखू येतात. गुडघ्याशी कापड पांढुरकं पडलेलं असतं आणि खिसा काढून टाकला तिथे मूळचा गडद निळा चौकोन तसाच असतो. माणूस कुठे वाकला, कुठे टेकला, ते कापडाने लिहून ठेवलेलं असतं.

गुडघ्याशीच का? कारण वाकणं-टेकणं सगळं तिथेच होतं. कापड सगळीकडून सारखं झिजलं तर मऊ होतं आणि एकाच जागी झिजलं तर तिथे भोक पडतं. जुनेर निवडताना हे रोज हाताला लागतं. वर्षानुवर्षं नेसलेलं, आलटून पालटून धुतलेलं, मधून मधून घडी घालून विसावलेलं लुगडं शेवटी सायीसारखं होतं. त्याच वयाची विजार गुडघ्यावर जाते, सदरा कोपरावर आणि कॉलरवर जातो. कपाटात एकाच घडीवर ठेवलेली रेशमी साडी तर न नेसताच त्या घडीवर चिरते. म्हणून शहाण्या बायका अधूनमधून घडी बदलून ठेवतात. झिजण्यात वाईट काही नाही. सगळी झीज एकाच जागी व्हावी, हे वाईट.

आपल्याकडे बाईचं कौतुक करताना चंदन हमखास निघतं. तेच मला खटकतं. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा मलाही ते ऐकायला मिळालं. ‘कशी चंदनासारखी झिजते हो!’ ऐकायला बरं वाटायचं. पण रात्रीची जाग, कूस बदलणं, अंग पुसणं, दोन वेळचं पातळ जेवण भरवणं हे सगळं एकाच जागेवर पडत होतं, आणि ती जागा मी होते. एका मंगळवारी अक्कांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, ‘हिचं गुडघ्यावर विरायला लागलंय.’ कौतुक कुणीच केलं नाही. सरळ वाटणी झाली. दुपारी तास-दोन तास काकू सासूबाईंशी बसायच्या, एका दिवसाआड वहिनी यायच्या. ह्यांना अक्कांनीच कूस बदलायला शिकवलं, आणि रात्रीचं पहिलं औषध त्यांच्याकडे गेलं. मुलगा शनिवारी येऊ लागला आणि रविवारी मला झोपू देऊ लागला. काम तेवढंच राहिलं, उलट सासूबाईंचं दुखणं वाढतच गेलं. पण घरातला चिडका आवाज कमी झाला. सासूबाईही सगळ्यांशी थोडं थोडं बोलू लागल्या. आधी त्यांना सगळं मलाच सांगावं लागायचं, आणि मी ऐकायला रिकामी कधीच नसायचे.

तेव्हापासून मला कापडाची पारख माणसांतही करायची सवय लागली आहे. कोण दमलं आहे हे पाहून काही कळत नाही, कारण दमलेले सगळेच असतात. कोण एकाच जागी दमतं आहे, हे पाहावं लागतं. घरात पैशाची चिंता करणारा एकटाच कोण? नातेवाइकांचे रुसवेफुगवे काढायला दर वेळी कोण पुढे केलं जातं? दवाखान्यात रांगेत उभं राहायला कोण? उशिरा येणाऱ्यासाठी ताट झाकून जागं कोण राहतं? ही माणसं तक्रार करत नाहीत. विचारलं तर ‘माझं चाललंय की बरं’ म्हणतात. आणि खरंच चाललेलं असतं. विजारीचा गुडघाही फाटेपर्यंत चाललेलाच असतो.

अशा माणसाला कौतुक नको असतं, सुट्टीही फार पुरत नाही. सुट्टी संपली की माणूस पुन्हा त्याच कोपऱ्यावर येऊन बसतो. त्याला तिथून उठवून दुसऱ्या कुणी बसायला हवं, आणि ते सांगायला घरात एक तरी अक्का हव्यात. कोपऱ्यावर नवी बसलेली बाई सुरुवातीला वाकडा टाका घालते. तो उसवत बसायचा नसतो. धुतल्यावर तोही बसतो.

तेव्हा आज सकाळी एवढंच करावं. घरात रोज चहा कोण ठेवतं ते आठवावं आणि त्या माणसाला आज बसवून दुसऱ्याने आधण ठेवावं. साखर कमी-जास्त होईल, दूध ओट्यावर सांडेल, गाळणं सापडणार नाही. रोज चहा करणाऱ्याने उठून मदतीला मात्र जायचं नाही.