मलिक अंबरची शाळा

१६२४ साली नगरजवळ भातवडीला लढाई झाली, तेव्हा सिंदखेडचे लखुजी जाधव मोगलांकडून लढत होते आणि त्यांचे जावई शहाजीराजे निजामशाहीकडून. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात ही गोष्ट शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. निजामशाही फौजेची सूत्रे मलिक अंबरकडे होती, हेही पुष्कळांना सांगता येते. तो इथिओपियातून आला होता, एवढेही कोणी सांगतो आणि पुढे सरकतो, जणू आफ्रिका म्हणजे त्याच्या जन्मदाखल्यावरची एक नोंद.

आफ्रिकी वंशाचे विचारवंत गेली शंभराहून जास्त वर्षे एक प्रश्न लावून धरत आले आहेत: शिकलेला माणूस स्वतःला ओळखतोच असे आहे का? लोणार तालुक्यातल्या सुलतानपुरात बसून आपल्याला या प्रश्नाशी काय करायचे, असे कोणालाही वाटेल. पण सुलतानपूरवरून सिंदखेड राजा आणि जालना करत जाणारा रस्ता ज्या शहरात पोचतो, ते मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी या नावाने वसवले. पुढे त्याचे औरंगाबाद झाले आणि अलीकडे छत्रपती संभाजीनगर.

अंबरचे लहानपणीचे नाव चापू. गुलाम म्हणून तो विकला गेला, हातोहात बगदादपर्यंत पोचला आणि तिथे मीर कासिम नावाच्या मालकाने त्याला शिकवले. अंबर हे नावही मालकानेच दिलेले. शिकलेल्या गुलामाला किंमत जास्त येते, हा साधा हिशेब त्या काळी सगळीकडे चालत होता. पुढे त्याला अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने विकत घेतले. हा चंगीझखान स्वतः हबशी होता, गुलामीतून वर आलेला. त्याच्या हाताखाली अंबर दरबार आणि कारभार शिकला आणि तो वारल्यावर मोकळा झाला. १६०० मध्ये नगरचा किल्ला मोगलांनी घेतला, तरी अंबरने निजामशाही वंशातल्याच एकाला गादीवर बसवून राज्य आणखी पाव शतक तगवून धरले. जमिनीची प्रतवारी लावून सारा ठरवण्याची त्याची पद्धत ‘मलिकंबरी’ म्हणून महसुलाच्या इतिहासात राहिली. शहराला पाणी देण्यासाठी त्याने जमिनीखालून नहर काढली. गनिमी काव्याचे तर सगळेच सांगतात.

जहांगीर आपल्या आठवणींत त्याच्या काळ्या रंगावरून शिव्या देतो. अबुल हसन या चित्रकाराने काढलेल्या एका प्रसिद्ध चित्रात बादशहा भाल्यावर टांगलेल्या अंबरच्या मुंडक्याला बाण मारताना दिसतो. प्रत्यक्षात अंबर त्याच्या हाती कधीच लागला नाही. १६२६ मध्ये म्हातारपणी वारला. आपण कोण, हे दुसऱ्याच्या चित्रावरून ठरवायचे नाही, एवढे त्याला नक्की कळलेले होते.

इथपर्यंत गोष्ट छानच आहे आणि इथेच थांबण्याचा मोह होतो. वंशाचा एक पराक्रमी पुरुष सापडला की आत्मभान आले, अशी समजूत आफ्रिकेत आहे, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांत आहे, आणि आपल्याकडे तर ती गल्लोगल्ली फलकांवर टांगलेली असते. मला ती पुरेशी वाटत नाही. अंबरच्या हाती सत्ता आली म्हणून माणसांचा व्यापार थांबला नाही. मालकाने दिलेल्या विद्येच्या जोरावर तो मालकांच्या पंगतीत जाऊन बसला. पंगत उठवून लावणे त्याच्या मनात आल्याचे दिसत नाही. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या माणसाकडून ती अपेक्षा धरणे अन्याय होईल, हे मान्य. पण आज शिकायचे असेल तर त्याची तलवार आणि ही मर्यादा दोन्ही शिकाव्या लागतील.

दुसरी शाळा नाशिकची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्रजी आरमाराने अरबी गलबतांतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकजवळच्या शरणपूरला ठेवले. बायबल, इंग्रजी, सुतारकाम, लोहारकाम असे शिक्षण होते. त्यातलाच जेकब वेनराइट. हे नाव काही त्याच्या आईबापांनी ठेवलेले नव्हते. १८७३ मध्ये मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत वारला, तेव्हा झाडाच्या खोडावर त्याचे नाव आणि तारीख कोरणारा हाच. पुढच्या वर्षी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला खांदा देणाऱ्यांतही तो होता. जगाला तो आठवतो तो साहेबाचा विश्वासू माणूस म्हणून. पण नाशिकचे इतर काही जण मोंबासाजवळच्या फ्रीअरटाउन या वसाहतीत गेले आणि तिथे शिक्षक, धर्मोपदेशक झाले. विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर यांना १८८५ मध्ये दीक्षा मिळाली. ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणून ओळखली जाणारी ही मंडळी स्वतःला गोऱ्या मिशनऱ्यांच्या बरोबरीची समजू लागली आणि खटके उडाले. ज्यांनी शिकवले त्यांनाच शिकलेला माणूस जड झाला. मला विचाराल तर त्या शाळेचा खरा निकाल या खटक्यांत लागला.

वेनराइट झाडावर अक्षरे कोरत होता त्याच १८७३ साली पुण्यात जोतीराव फुल्यांचे ‘गुलामगिरी’ निघाले. अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या तिथल्या लोकांना त्यांनी ते अर्पण केले. आफ्रिकी माणसाच्या बेडीत फुल्यांना इथल्या शूद्रातिशूद्रांची बेडी दिसली. नऊ वर्षांनी, १८८२ मध्ये, आमच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली. वडील बापूजी सत्यशोधक. मुलीला त्यांनी घरीच शिकवले. ताराबाईंनी थोर पूर्वजांची यादी केली नाही, त्यांनी आपल्याच घरातल्या पुरुषांची झडती घेतली. फुल्यांच्या आसपासच्या लोकांनाही ते पचले नाही. फुले मात्र त्यांच्या बाजूने उभे राहिले. आत्मभान म्हणतात ते हे. त्याने घरच्यांची झोप उडते.

दोन बेड्यांना जोडणारा फुल्यांचा धागा पुढे आंबेडकरांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना लिहिलेल्या पत्रात आणि तिथल्या ब्लॅक पँथरवरून घेतलेल्या १९७२ च्या दलित पँथरच्या नावात दिसतो. घरच्यांची झोप उडवणारे आत्मभान आफ्रिकेतही दिसते. केनियात लेखक न्गुगी वा थिओंगोने १९७७ साली कामिरिथू गावातल्या प्रौढ साक्षरता वर्गाच्या माणसांना घेऊन गिकुयू भाषेत नाटक उभे केले. सरकारने प्रयोग बंद पाडले आणि न्गुगीला वर्षभर तुरुंगात ठेवले. तो इंग्रजीत लिहीत होता तोवर त्याचे सरकारला एवढे भय नव्हते. गावातली माणसे आपल्या बोलीत आपल्याच जमिनीचा हिशेब मागू लागली, तेव्हा भय वाटले. मुलांना इंग्रजी शाळेच्या पिवळ्या बसमध्ये चढवताना आपण भाषेचा विचार करतो तो फक्त नोकरीपुरता. न्गुगीचा अनुभव त्याच्या शेजारी ठेवून पाहायला हरकत नाही.

आणि जिजाऊंच्या जिल्ह्यातली आपली मुले पुण्यात शिकायला जातात तेव्हा त्यांच्या वर्गात आफ्रिकेतून आलेली मुलेही असतात. त्यांना खोली देताना घरमालक का कचरतो, हे आपल्याला चांगले माहीत आहे. मलिक अंबरचे कौतुक आणि हा संकोच एकाच घरात नांदतात. आफ्रिकेच्या आत्मभानाचा विषय आपल्यापाशी येतो तो असा, आणि तो आपल्याच शिक्षणाचा हिशेब मागतो.

सुलतानपूर, लोणार, मेहकरकडच्या शाळांच्या सहली दौलताबाद आणि वेरूळला जातात. दोन्हींच्या मध्ये खुलताबाद लागते आणि तिथे मलिक अंबरची कबर आहे. शिक्षकांना एवढीच विनंती, यंदा तिथे अर्धा तास बस थांबवा आणि चापू या नावापासून गोष्ट सांगायला सुरुवात करा.